जलपर्णीखालची शिरगणती

शंकर पुरुषोत्तम आघारकर हे नाव पुण्यात आज एका संशोधन संस्थेमुळे परिचित आहे. मला ते भेटले जलपर्णीच्या निमित्ताने. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. गावच्या नदीचा इतिहास जुळवता जुळवता पन्नाशी ओलांडली. त्या शोधात आघारकरांची दोन कामे समोर आली.

पहिले १९११च्या सुमाराचे. मालवणात जन्मलेले आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत. सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. दुसरे काम १९३०चे. कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या आघारकरांनी सहकाऱ्यासह जलपर्णीच्या परागीभवनावर आणि बीजनिर्मितीवर निबंध प्रसिद्ध केला.

या दोन कामांच्या मधल्या काळात बंगालचे पाणी झाकले गेले होते. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती फुलांच्या शोभेसाठी आली आणि नद्या, बिले, पुकुर व्यापून बसली. पहिल्या महायुद्धात लोकांनी तिला ‘जर्मन पाना’ म्हणायला सुरुवात केली; शत्रूनेच ती सोडली, अशी वदंता होती. योगायोग असा, की याच युद्धामुळे आघारकर जर्मनीत अडकून पडले होते. पुढे १९२१मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, १९३६मध्ये जलपर्णीविरोधी कायदा झाला आणि १९३७च्या निवडणुकीत तिचे उच्चाटन हे राजकीय आश्वासन बनले.

या साऱ्या खटाटोपात हिशेब झाला तो अडलेल्या होड्यांचा, बुडालेल्या भाताचा, मासळीचा आणि हिवतापाचा. पाण्यातल्या गोगलगायी, शिंपले, झिंगे, कीटकांच्या अळ्या यांची शिरगणती करावी, असा तो काळच नव्हता.

माझाही हिशेब चुकलाच. जलपर्णीखाली काही जगत नाही, असे मी एका व्याख्यानात ठामपणे सांगितले होते. नंतर नदीकाठी एक रोप उपटून त्याची काळी, केसाळ मुळे पांढऱ्या परातीत झटकली. चतुराची अळी, बारक्या गोगलगायी, पाणकिडे असा संसार तिथे वळवळत होता. मी ओशाळलो आणि वाचायला बसलो.

वाचनातून कळले ते असे. जलपर्णीच्या थराच्या कडेला, जिथे मोकळे पाणी लागून असते, तिथे मुळांच्या आडोशाने अपृष्ठवंशीय प्राणी उलट वाढू शकतात. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही दाट थराच्या आतल्या भागापेक्षा कडेला त्यांची संख्या जास्त आढळली. आत ऊन पोहोचत नाही, शेवाळ आणि बुडालेल्या वनस्पती खुरटतात. कुजणारा पाला तळाशी साचून प्राणवायू संपवतो. मग कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या हटतात. पृष्ठभागावर येऊन हवा घेणाऱ्या गोगलगायी टिकतात, आणि रक्तात हिमोग्लोबिन असलेल्या कायरोनॉमिड माशीच्या तांबड्या अळ्याही. म्हणजे घर रिकामे होत नाही, बिऱ्हाडे बदलतात. नुसती डोकी मोजली तर हे नुकसान दिसतच नाही. कोण गेले आणि कोण आले, हे पाहावे लागते.

आघारकरांची जेलीफिश मोकळ्या पाण्यात तरंगत सूक्ष्म जीव खाणारी. झाकलेल्या पाण्यात तिला जागा कुठली? पण ती तिथे होती, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी वेळेत पाहून नोंद केली. आपल्या बहुतेक नद्यांच्या तळाची अशी जुनी नोंदच नाही.

आता आमच्या नदीवर यंत्र येते, जलपर्णी उपसते आणि काठावर ढीग घालते. काढायला हवीच, पण मुळांतला संसारही त्या ढिगातच वाळून जातो. म्हणून यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी मी परात घेऊन जातो. एक रोप कडेचे, एक आतले, आणि तळाचा मूठभर गाळ. जे दिसेल ते वहीत, तारखेसह. माझ्या मोजणीत चुका असतील. पण पुढे कोणी या नदीचा इतिहास लिहील, तेव्हा त्याला सुरुवात करायला एक पान तरी मिळेल.