उल्कावर्षावासाठी काळोखी जागा कशी निवडावी?

ढोकी (जि. धाराशिव) : उल्कावर्षावाची तारीख आकाश ठरवते, तो कितपत दिसणार, हे मात्र निवडलेल्या जागेवर अवलंबून असते. शहरातील गच्चीवरून तासाभरात मोजक्याच ठळक उल्का नजरेस पडतात. बाकीच्या दिव्यांच्या उजेडात विरून जातात. म्हणूनच मुंबईतील खगोलप्रेमी वांगणी गाठतात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मराठवाड्यातील हौशी निरीक्षकांना मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही. लातूर-बार्शी मार्गावरील ढोकीच्या उदाहरणावरून जागेची पारख कशी करावी, हे समजून घेता येईल.

कोणता वर्षाव?
ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव (१२-१३ ऑगस्ट) प्रसिद्ध असला, तरी तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग असतात. त्यामुळे १३-१४ डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव अधिक भरवशाचा. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या अवशेषांतून होतात. मिथुन वर्षावाचा उगम मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या 'फेथॉन' या लघुग्रहाशी जोडला जातो. त्याचा ताशी १२० ते १५० हा आकडा पूर्ण काळोखे आकाश आणि उगमबिंदू थेट डोक्यावर, असे गृहीत धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच उल्का दिसतात. रात्री दोनच्या सुमारास उगमबिंदू सर्वांत उंच असतो.

पंचांग पाहा
वर्षावाची तारीख सौर असल्याने तिथी दरवर्षी बदलते. शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात चंद्र मध्यरात्रीपर्यंत मावळतो आणि उत्तररात्र काळोखी मिळते. वद्य अष्टमीनंतर तो मध्यरात्रीनंतर उगवतो. तेव्हा पूर्वरात्र साधावी. पौर्णिमेच्या आसपास उत्तम जागाही फारशी उपयोगी पडत नाही.

दिशा आणि उजेड
ढोकीच्या दक्षिणेस धाराशिव, तर पूर्वेस लातूर आहे. या शहरांचा उजेड क्षितिजाजवळ जाणवतो. म्हणून गावाच्या उत्तरेकडील मोकळी जागा सोयीची; तेथे गावाचे दिवेही पाठीशी राहतात. डिसेंबरमध्ये उसाचा हंगाम असतो. तेरणा कारखान्यात गाळप सुरू असेल तर तेथील दिवे, धूर आणि उसाच्या वाहनांचे झोत टाळण्यासाठी कारखाना व मुख्य रस्ता यांपासून दूर जावे.

तेरजवळील तेरणा धरणाचा काठ रम्य वाटला, तरी थंडीत पाण्यालगत धुके व दव असते. त्यापेक्षा उंच, उघडे माळरान बरे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य काळोखे असले, तरी रात्री तेथे थांबण्याचा विचार करू नये. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून आलेला वाघ तेथे कॅमेऱ्यात टिपला गेला होता.

आकाशाची कसोटी
जागा पक्की करण्यापूर्वी अमावास्येच्या सुमारास एकदा आकाश पाहून यावे. कृत्तिकेतील सहा तारे नुसत्या डोळ्यांनी सहज मोजता आले आणि देवयानी दीर्घिकेचा फिकट पुंजका दिसला, तर जागा चांगली समजावी. कृत्तिकाच धूसर दिसत असेल तर आणखी दूर जावे.

सुरक्षितता महत्त्वाची
जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. शेतातील कठडा नसलेल्या विहिरी रात्री दिसत नाहीत. जमीनमालकाची परवानगी घ्यावी. अनोळखी वाहन पाहून रात्री गैरसमज होऊ शकतो, म्हणून पोलिस पाटील किंवा सरपंचांनाही कल्पना द्यावी. एकट्याने जाऊ नये. उभ्या पिकात वाहन घालू नये.

डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्यात मोबाइल एकदा जरी पाहिला, तरी ही मेहनत वाया जाते. बॅटरीवर लाल कागद लावावा. दुर्बिणीची गरज नाही. सतरंजीवर उताणे पडून जास्तीत जास्त आकाश नजरेत ठेवणे, हीच योग्य पद्धत. स्वेटर, कानटोपी व घोंगडी सोबत असावी, कारण उल्का ठरावीक अंतराने पडत नाहीत. दहा मिनिटे काहीच न दिसता पुढच्याच मिनिटाला तीन-चार दिसू शकतात. किमान तासभर थांबण्याची तयारी असेल, तरच रात्र सार्थकी लागते.