ध्वनिमुद्रिकेची साक्ष

पेडणे महालातील हरमल हा समुद्रकाठचा गाव. खाऱ्या वाऱ्याने तेथे लोखंड लवकर गंजते आणि पावसाळ्यात कपाटातील वस्तूंस बुरशी धरते. गाणे ऐकविणारी यंत्रेही या हवामानातून सुटत नाहीत. परंतु यंत्र बंद पडणे ही त्यातील लहान हानी होय. मुके झालेले यंत्र कोणास फसवीत नाही. बिघडूनही गात राहणारे यंत्र मात्र खोटी साक्ष देते, आणि ऐकणारा तो दोष गायकाच्या माथी मारतो.

गोमंतकास या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. येथील देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या गायनपरंपरेतून थोर कलावंत निपजले. केसरबाई केरकर १८९२ मध्ये केरी येथे जन्मल्या. ही केरी हरमलशेजारची नव्हे, फोंडा महालातील. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. गाव पाण्याखाली गेला तरी त्या गावाचे नाव धारण करणारा कंठ ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येतो. असा ठेवा वाजविणाऱ्या यंत्राची शुद्धता ही केवळ कारागिराची बाब कशी राहील?

प्रवासात नेता येणारा चावीचा ग्रामोफोन दोन महायुद्धांच्या दरम्यान घरोघरी पोहोचू लागला. एचएमव्ही कंपनीचे '१०२' हे पेटीवजा यंत्र १९३१ चे. त्यात वीज नसते. गुंडाळलेली पोलादी कमान उलगडते, तबकडी फिरते आणि गतिनियामकाची फिरती वजने तिचा वेग आवरून धरतात. कमानीतील जुने वंगण घट्ट झाले की ती धक्क्याधक्क्याने उलगडते आणि सूर डळमळतो. नियामकावरील घर्षणाची गादी सुकली तरी तोच परिणाम. ध्वनिपेटीतील रबर कडक झाल्यास आवाज खरखरतो. पोलादी सुई तर एका बाजूपुरतीच असते. तीच पुन्हा वापरली तर तबकडीची खाच कायमची झिजते. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा: प्रथम नवी सुई, मग स्वच्छता व वंगण, आणि शेवटी वेग.

वेगाचा हा मुद्दा निर्णायक आहे. मिनिटास ७८ फेरे हे प्रमाण १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर स्थिरावत गेले. त्यापूर्वीच्या तबकड्या कमीअधिक वेगाने मुद्रित होत. वेग सुमारे सहा टक्के वाढला की स्वर अर्ध्या सुराने चढतो. ७८ ऐवजी ८३ फेरे झाले तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो आणि तीन मिनिटांची चीज दहा-अकरा सेकंद आधी संपते. तान अधिक चपळ भासते, आवाज अधिक कोवळा. अशा तबकडीवरून गायिकेच्या लयीविषयी निवाडा देणे म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न घेताच निकाल लिहिणे होय. साथीस पेटी असेल तर एक कसोटी हाती असते: पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध लागला, तर संशय प्रथम यंत्रावर घ्यावा.

यंत्रे पालटली, पण हा दोष पालटला नाही. १९६३ मध्ये कॅसेट आली आणि १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन. सेल उतरले किंवा रबरी पट्टा सैल झाला की फीत मंदावते व स्वर उतरतो. वाचणाऱ्या टोकावर मळ साचला की आवाज कोंदट होतो. स्पिरिटच्या बोळ्याने ते टोक पुसले तर बहुधा गाणे उजळते. बुरशी धरलेली फीत मात्र साफ केल्यावाचून यंत्रात घालू नये. आजच्या खिशातील यंत्रांत कमान नाही, पट्टा नाही. तरीही सेकंदास ४४,१०० नमुन्यांचे मुद्रण चुकून ४८,००० च्या हिशेबाने वाजविले, तर स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो.

या संदर्भात एक घटना मनन करण्याजोगी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवण्यात आली. तीत केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्या तबकडीसोबत सुईही ठेवली आहे आणि वेष्टनावर ती किती वेगाने फिरवावी हे आकृतीने कोरले आहे. एका फेऱ्यास ३.६ सेकंद लागावेत; तो काळ हायड्रोजन अणूच्या मापाने सांगितला आहे, कारण ऐकणाऱ्यास आपले सेकंद ठाऊक नसणार.

अनोळखी श्रोत्यासाठी घेतलेली ही काळजी आपण आपल्या नातवंडांसाठी घेत नाही. पेडण्याच्या देवळांतून आज भजने, आरत्या, दशावतारी नाटके सर्रास मुद्रित होतात. ती पन्नास वर्षांनी कोणत्या यंत्रावर वाजतील, हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी गायकाचे नाव, स्थळ, दिनांक व पट्टी तोंडी सांगावी आणि शुद्ध लावलेल्या सूरपेटीचा षड्ज अर्धा मिनिट मुद्रित करावा. खर्च काहीच नाही. पुढे यंत्र कोणतेही असो, त्या षड्जाशी ताडून त्याचा दोष ओळखता येईल, आणि गाणाऱ्याचा कंठ निर्दोष ठरेल.