पाषाणातील वृक्षांची ओळख

भंडारा जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचा विचार करताना वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी नगरीला अग्रस्थान द्यावे लागते. १९६९-७० या वर्षी नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे संयुक्त उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख कोरलेले कठड्याचे स्तंभ उजेडात आले. या उत्खननाचे एक धुरीण डॉ. शां. भा. देव हे जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरील, १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या मान्यवर इंग्रजी ग्रंथाचेही कर्ते होत, ही गोष्ट आपल्या समाजात फारशी कोणास ठाऊक नाही.

पवनीच्या एका स्तंभावर फणा उभारलेला नाग, रिक्त आसन आणि वर वृक्ष असे दृश्य आहे. नागफणा दिसला की आपणा जैनांस सहजच भगवान पार्श्वनाथांचे स्मरण होते; कमठाचा उपसर्ग आणि धरणेंद्राने धरलेले फणाछत्र डोळ्यांसमोर येते. बौद्ध बांधवांस रिक्त आसनावरील वृक्ष म्हणजे बोधिवृक्ष, अर्थात पिंपळ, असे वाटते. परंतु शिल्पकाराने तेथे मुचलिंद नागाचे नाव कोरून ठेवले आहे. पाली ग्रंथांनुसार बोधिप्राप्तीनंतर काही सप्ताहांनी अकाली पर्जन्य झाला, तेव्हा या नागराजाने बुद्धांवर फणा धरला. तो ज्या वृक्षाखाली राहत असे त्या वृक्षाचेही नाव मुचलिंदच होते. अभ्यासक हा वृक्ष म्हणजे संस्कृतातील निचुल असे मानतात. मराठीत त्यास निवर किंवा समुद्रफळ म्हणतात. नदी-तलावांच्या काठी ओलसर भूमीत तो वाढतो आणि त्यास तांबड्या फुलांचे लांब तुरे लोंबतात. दोन अक्षरे कोरलेली नसती तर हा प्रसंग आणि हा वृक्ष, दोन्हींची ओळख आपण चुकविली असती.

अशा नामांकित वृक्षांचा सर्वांत मोठा संग्रह भारहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर आहे. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो शोधला. त्याचे बरेचसे अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. गौतमापूर्वीच्या बुद्धांचे बोधिवृक्ष तेथे लेखांसह कोरले आहेत : शिरीष, उदुंबर, न्यग्रोध, शाल इत्यादी. मौज अशी की, विपश्यी बुद्धाचा वृक्ष पाली ग्रंथ पाटली सांगतात, तर शिल्पातील पानेफुले अशोकाची आहेत. शिल्पकाराची चूक झाली असे म्हणावे, तर महामायूरी या संस्कृत ग्रंथात विपश्यीचा वृक्ष अशोकच सांगितला आहे. तात्पर्य, छिन्नी धरणाऱ्या कारागिरापुढे निराळी परंपरा होती आणि ती केवळ पानांच्या आकारावरून आपणास कळते.

मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. पण आयुष्यभर ज्याने कापड उलगडून दाखविले, त्यास एक गोष्ट नक्की कळते. छापणारा किंवा विणणारा पानाचे हुबेहूब चित्र कधीच काढत नाही. तो एकच खूण धरतो आणि बाकीचे सोडून देतो. आंब्याची कोयरी पाहून कोणी देठ शोधत बसत नाही. शिल्पकाराची रीत हीच आहे. पिंपळाच्या पानाचे लांब शेपूट, वडाच्या पारंब्या, उंबराची खोडालगत लगडलेली फळे या त्याच्या खुणा. आंबा आणि अशोक यांत मात्र घोटाळा संभवतो, कारण दोहोंची पाने लांबट आणि झुबक्यांत कोरलेली असतात. तेथे पानांमधून फळ लोंबते की फुलांचा गुच्छ दिसतो, हे पाहावे लागते.

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर हा पडताळा उत्तम घेता येतो. तेथे हत्तीवर बसलेला यक्ष वडाखाली आहे, तर सिंहावर बसलेली यक्षी आंब्याखाली. लोकांनी त्यांस इंद्र-इंद्राणी ठरविले आणि लेण्यास इंद्रसभा हे नाव पडले. वस्तुतः सिंह आणि आंबा या दोन खुणांनी ती नेमिनाथांची शासनदेवी अंबिका ठरते. यक्ष सर्वानुभूती होय.

आपल्या मूर्तींविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक तीर्थंकराचा केवलज्ञानाचा वृक्ष परंपरेने वेगळा सांगितला आहे : ऋषभदेवांचा वट, महावीरांचा शाल, पार्श्वनाथांचा धातकी किंवा धव. यांतील धायटी आणि धावडा आपल्या भागातील जंगलांत आजही आहेत. पण मूर्तीच्या छत्रत्रयीवर जी पालवी कोरलेली असते ती बहुधा अष्टप्रातिहार्यांतील अशोकाची. तो सर्वच तीर्थंकरांना समान आहे. म्हणून लांछन झिजलेल्या मूर्तीचे नाव केवळ त्या पालवीवरून ठरवू नये. जुन्या मूर्तींवर असे अंदाजाने ठरविलेले नाव रंगाने लिहिलेले मी पाहिले आहे. तसे नाव एकदा लिहिले गेले की पुढची पिढी त्यावर शंकाही घेत नाही.

आणि अशोक म्हणून आपण जो उंच, लांब पानांचा वृक्ष मंदिराच्या आवारात लावतो, ज्याच्या पानांची तोरणे बांधतो, तो मुळी हा अशोक नव्हेच; गुजरातीत त्यास आसोपालव म्हणतात. खरा अशोक, म्हणजे सीता-अशोक, पसरट छायेचा असतो. त्याची कोवळी पालवी तांबूस होऊन लोंबते आणि फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे घोस येतात. सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांनी मंदिराच्या आवारात वृक्ष लावण्याचे मनावर घेतल्यास, रोपवाटिकेत नाव सांगताना ‘सीता-अशोक’ असे स्पष्ट सांगावे आणि रोपाची पाने पाहूनच ते घ्यावे.