मीठ, मद्य आणि तेरेखोलची वाट

शिरोड्याच्या मिठागरांपासून निघून रेडीच्या यशवंतगडावरून तेरेखोलला जाणारी वाट काही फार लांबची नव्हे. परंतु चोरट्या व्यापाराच्या खुणा दाखवीत आम्हां पाच-सहा जणांना तीवरून नेणारे वृद्ध गृहस्थ प्रथम थांबले ते एखाद्या अंधाऱ्या गुहेपाशी नव्हे, तर आगराच्या ओल्या बांधावर. मूठभर करडे, दमट खडे तळहातावर घेऊन ते म्हणाले, "चोरीचो माल म्हणजे सोनाच आसता, असा नाय."

खरेच होते ते. समुद्र आणि ऊन यांनी फुकट दिलेल्या या पदार्थावर इंग्रज सरकारने मणामागे कधी दोन, तर कधी अडीच रुपये कर बसविला होता. शेजारच्या गोव्यात मात्र मीठ स्वस्त, आणि मधली सरहद्द म्हणजे खाड्या, कातळ आणि काजूची रानेच. शिपायांच्या पहाऱ्याने न साधणारी गोष्ट मग तहनाम्याने साधण्यात आली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने दोन मुलखांमधील जकात उठली, गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये मिळू लागले. गोव्याच्या आगरवाल्यांना त्यातले काय लाभले, हे न विचारलेलेच बरे. १८९२ साली करार संपला आणि जकातीची रेघ पुन्हा उमटली.

याच शिरोड्यात १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रहींनी भरदिवसा, पोलिसांदेखत मीठ उचलले. कायद्याच्या दृष्टीने रात्री डोक्यावरून पाटी नेणारा आणि हा सत्याग्रही यांत फारसे अंतर नव्हते. पहिल्याला मात्र कोणी हार घातले नाहीत.

यशवंतगडाच्या जांभ्या चिऱ्यांवरून आम्ही पुढे निघालो. तेरेखोलचा कोट मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला आणि नदीच्या उत्तर तीरावरचा हा चिमुकला तुकडा १९६१ पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिला. त्यामुळे येथे दोन साम्राज्यांच्या मधोमध नदी नव्हती, केवळ एक पायवाट होती. पुढे १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने मुंबई राज्य कोरडे झाले, स्वतंत्र हिंदुस्थानाने परदेशी मालावर निर्बंध घातले, आणि मिठाची जुनी वाट मद्याला, घड्याळांना आणि सोन्यालाही उपयोगी पडली. गोवा मुक्त झाल्यावर जकात गेली. अबकारी मात्र शिल्लक राहिली, आणि तिच्या दरांतील तफावतही.

कोटाखाली केरीहून फेरी येऊन लागली. उतारूंमधला एक जण कापडी पिशवी छातीशी धरून, पायांखालचे दगड चाचपीत, रेडीच्या बाजूला वळला. पिशवीत काच काचेवर हलकेच वाजली. आमच्या वाटाड्यांनी त्याच क्षणी समुद्राकडे बोट करून आम्हांला दूरवरची एक होडी दाखविली.