अर्ध्या तासाचा टाको आणि पहाटेचं दळण



परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांशी फोनवर बोलताना आपला एक प्रश्न ठरलेला असतो, ‘आज जेवायला काय केलंस?’ अमेरिकेतून हल्ली बऱ्याचदा उत्तर येतं, ‘टाको केले. कामावरून आले आणि अर्ध्या तासात पानं घेतली.’ आपल्याला वाटतं, अर्ध्या तासात नुसती कणीक मळून होते, मग हा अख्खा स्वयंपाक कसा झाला? आज आम्ही त्या अर्ध्या तासाचीच गोष्ट सांगणार आहोत.

आधी कृती. टाको म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तिला टॉर्टिया म्हणतात, ती मधोमध दुमडून आत सारण भरायचं. अमेरिकेतल्या घरांत आठवड्याच्या मधल्या वारी होतो तो टाको बहुतेक वेळा गोमांसाच्या खिम्याचा असतो. अर्धा किलो खिमा तव्यावर गुठळ्या मोडत परततात, सुटलेली चरबी निथळून टाकतात. मग बारीक चिरलेला कांदा, लसूण, मिरचीपूड, जिरेपूड आणि थोडा ओरेगानो. त्यात चमचा-दोन चमचे टोमॅटोची पेस्ट आणि अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं शिजवतात. तोवर तळून घडी घातलेल्या कुरकुरीत टॉर्टिया ओव्हनमध्ये गरम होतात. त्या दुकानातून तयारच आणलेल्या असतात. खिमा भरायचा, वर चिरलेली लेट्यूसची पानं, टोमॅटो, किसलेलं चीज. झालं. ज्या घरांत गोमांस चालत नाही तिथे मटणाचा किंवा कोंबडीचा खिमा, नाहीतर शिजवून ठेचलेला राजमा घालतात. कृती तीच.

आता या यादीकडे नीट पाहा. टॉर्टिया तयार, खिमा तयार, मसाला डबीत तयार. म्हणजे मोठं काम आधीच कुणीतरी करून ठेवलंय. ते कुणी केलं?

त्यासाठी मेक्सिकोत जायला हवं. मका तिथला. मिरची तिथली. टोमॅटोही तिथेच माणसाळला. त्याचं नावसुद्धा तिथल्या नाव्हात्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आलं. पण मक्याचा दाणा कडक, टरफल चिवट. तिथल्या बायकांनी त्यावर उपाय शोधला. मका चुन्याच्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी चोळून धुवायचा. टरफल सुटतं, दाणा मऊ होतो आणि वाटलं की थापता येईल असं पीठ होतं. या मक्याला ‘निक्स्तमाल’ म्हणतात. त्या नावात ‘राख’ हा शब्द आहे. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

चुन्याने आणखी एक काम होत होतं, जे डोळ्यांना दिसत नव्हतं. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की नुसता मका खाल्ला तर अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यात उकळल्यावर ते मोकळं होतं. शिवाय चुन्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. त्या बायकांपुढे प्रयोगशाळा नव्हती. आईने केलं तसं लेकीने केलं, आणि माणसं मक्यावर धडधाकट राहिली.

१५२१ मध्ये स्पेनच्या एर्नान कोर्तेसने आझ्टेकांची राजधानी जिंकली. पुढे मका जहाजांत बसून जगभर गेला. तो भरपूर पिकतो, गरिबाचं पोट भरतो, म्हणून सगळ्यांनी घेतला. पण चुन्याची रीत कुणी बरोबर नेली नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही, की बाई गं, हे का करतेस?

त्याची किंमत मोजावी लागली. १७३५ मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या वैद्याला गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र आजार दिसला. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळवंडते, सोलते, जुलाब लागतात, पुढे बुद्धी भ्रमते. इटलीत तो इतका पसरला की त्याला तिथलंच नाव पडलं, पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापसाच्या शेतांत आणि गिरणीच्या वस्त्यांत, जिथे गरीब लोक मक्याचं पीठ, गूळकाकवी आणि डुकराची चरबी एवढ्यावर दिवस काढत, तिथे या आजाराने हजारो माणसं नेली. त्यांत बायकांचा भरणा जास्त होता. घरात चांगलंचुंगलं आलं तर ते आधी कामावर जाणाऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात जाणार. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी १९१४ पासून काम करून दाखवून दिलं की हा रोग जंतूंचा नाही, ताटाचा आहे. नेमकं नायसिन हे कारण १९३७ मध्ये हाती लागलं. मेक्सिकोतल्या आजीला उपाय केव्हाचा ठाऊक होता.

हे दूरचं वाटत असेल, तर एक जवळची गोष्ट सांगतो. आपल्या दख्खनमध्ये, फक्त ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही हा आजार आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. यात ज्वारी वाईट असं काही नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध किंवा अंडं असेल तर भीती नाही. धान्य एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच.

आता दळणाकडे येऊ. निक्स्तमाल वाटायचा तो ‘मेताते’वर. आपला पाटा-वरवंटा डोळ्यांपुढे आणा, फक्त पाट्याला तीन पाय आणि पुढे उतार. बाई गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार देऊन वाटत असे. हे पीठ ओलं, दुसऱ्या दिवशी आंबतं, त्यामुळे साठवणीची सोय नाही. रोज पहाटे उठायचं आणि कुटुंब मोठं असेल तर पाच-सहा तास त्यातच जायचे. आपल्याकडे जात्यावर ओव्या जमल्या त्या काही दळण सुखाचं होतं म्हणून नव्हे. तेवढा वेळ दुसरं काही करताच येत नव्हतं.

विसाव्या शतकात तिथल्या गावांत यांत्रिक चक्की आली. बायकांना हायसं वाटलं, पण कित्येक पुरुषांनी कुरकुर केली. चक्कीच्या पिठाला चव नाही म्हणे, आणि बायकांना वेळ मिळाला की त्या गावभर गप्पा मारत फिरतील! आपल्याकडच्या आज्या-पणज्यांनीही गिरणीच्या पिठाबद्दल असलं काही ऐकलं असेलच. १९३४ ते १९४० या काळात लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना सरकारने गावोगावच्या महिला मंडळांना चक्क्या मिळवून दिल्या. रोजचे चार-पाच तास बाईच्या हाती परत आले. आजच्या अर्ध्या तासातला सगळ्यात मोठा वाटा या चक्कीचा आहे.

खिमा आला तो गुरांबरोबर. मेक्सिकोत मुळात गाई-बैल नव्हते; ते स्पॅनिश लोकांनी आणले. उत्तरेकडच्या माळरानांवर त्यांचे कळप वाढले. ‘टाको’ या नावाबद्दल इतिहासकार जेफ्री पिल्चर यांचं मत असं, की चांदीच्या खाणीत कागदात गुंडाळून सुरुंगाची दारू भरत, त्या पुडीला टाको म्हणत; त्यावरून गुंडाळलेल्या खाण्याला नाव पडलं असावं. टाको हे कष्टकऱ्यांचं खाणं होतं, यात मात्र शंका नाही.

१८४६ ते १८४८ या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सास तर त्याआधीच, १८४५ मध्ये गेला होता. तिथली मेक्सिकन कुटुंबं जागची हलली नाहीत, सरहद्द तेवढी हलली. टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहरात या कुटुंबांतल्या बायका संध्याकाळी चौकात कंदील लावून, लाकडं पेटवून, मिरचीत शिजवलेल्या मांसाची पातेली मांडून बसत. दहा सेंटला एक थाळी. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत, म्हणजे मिरचीच्या राण्या. रेल्वेने येणारे प्रवासी मुद्दाम त्या चौकात जाऊन जेवत. शहराची कीर्ती त्या पातेल्यांनी वाढली.

मग दोन गोष्टी झाल्या. जवळच्याच न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात वाळलेली मिरची कुटून, मसाला घालून डबीबंद विकायला सुरुवात केली. तिखटाची ती चव आता कुणालाही, कुठेही मिळू लागली. आणि चौकातल्या राण्यांना आधी या चौकातून त्या चौकात हलवलं गेलं, मग १९३० च्या दशकात आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून बसणं मुश्कील केलं गेलं. १९४० च्या दशकात त्या चौकातून कायमच्या उठल्या. चव राहिली, कारखाना राहिला, बाई गेली. रस्त्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींना यात काही नवीन वाटणार नाही.

कुरकुरीत टाकोची गोष्ट कॅलिफोर्नियाची. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाकशिक्षिका बर्था हॅफ्नर-जिंजर यांनी मेक्सिकन पद्धतीच्या पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात टॉर्टियात गोमांस भरून, दुमडून तळलेला टाको आहे. पुढे १९३७ मध्ये सॅन बर्नार्डिनो शहराच्या मेक्सिकन वस्तीत ल्युसिया रॉड्रिगेझ यांनी ‘मिट्ला कॅफे’ सुरू केला. कुरकुरीत टॉर्टिया, गोमांसाचा खिमा, लेट्यूस, टोमॅटो आणि पिवळं चीज. आज अमेरिकेतल्या घरोघरी होणाऱ्या टाकोचं रूप ते हेच.

हा कॅफे नुसता खाण्याचा नव्हता. त्या शहरातल्या सार्वजनिक बागेत आणि पोहण्याच्या तलावात मेक्सिकन लोकांना मज्जाव होता. कर भरायचा, मुलं लढाईवर पाठवायची, पण तलावात उतरायचं नाही. त्याविरुद्ध लोक एकत्र आले, त्यांच्या बैठका या कॅफेत झाल्या. खटला झाला आणि १९४४ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा प्रसिद्ध निकाल आला तो १९५४ मध्ये, म्हणजे यानंतर दहा वर्षांनी. पाण्यासाठी करावा लागलेला झगडा काय असतो, हे महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना सांगायला नको.

कॅफेच्या समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाचं हॅम्बर्गरचं दुकान होतं. तो टाको खायला येई आणि ते कसे होतात ते शिकून घेई. १९५० च्या दशकात तो स्वतः टाको विकू लागला. त्याने टॉर्टिया आधीच तळून ठेवायची पद्धत बसवली, म्हणजे गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही. अशी तळणी त्याच्याआधी न्यूयॉर्कमधले मेक्सिकन हॉटेलवाले हुवेन्सियो माल्दोनादो यांनी तयार केली होती, १९५० मध्ये तिचं पेटंटही मिळवलं होतं. पण १९६२ मध्ये बेलने ‘टाको बेल’ काढलं आणि जगाला त्याचंच नाव कळलं. ल्युसियाबाईंचा कॅफे मात्र त्याच रस्त्यावर चालत राहिला, घरच्याच माणसांच्या हातात.

मैत्रिणींनो, सोपा स्वयंपाक वाईट असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर काम करून आलेल्या बाईने पहाटेपासून मेतातेवर बसावं असं म्हणायची आमची छाती नाही. चक्की आली ते चांगलंच झालं. पण मका नेला आणि चुना विसरला तेव्हा माणसं आजारी पडली. मसाला नेला आणि चौकातली बाई उठवली. टाको नेला आणि ल्युसियाबाईंचं नाव मागे राहिलं. तिन्ही वेळा घेणाऱ्याने वस्तू घेतली आणि करणारीला विचारलं नाही.

ही चूक आपल्या घरात आपणही करतो. सासूबाईंच्या हातचं लोणचं आवडतं, पण मीठ किती, उन्हात किती दिवस, हे विचारायचं राहून जातं. या आठवड्यात घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हातारीपाशी बसा. एक पदार्थ विचारा. नुसता कसा नाही, असंच का, तेही विचारा. वहीत लिहा, आणि वर तिचं नाव घाला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तिला घेऊन आपल्या केंद्रावर यावं, आम्ही तिच्या आवाजातच ध्वनिमुद्रित करू.

आणि लेकीचा फोन आला की तिला ही मक्याची आणि चुन्याची गोष्ट सांगा. टाको खाताना ऐकेल.