मिसळ, भेसळ आणि दही-गूळ



मागच्या वर्षी नातवाचं बारसं झालं. सूनबाई बंगालची. ताटात एकीकडे पुरणपोळी, दुसरीकडे संदेश. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात नात्यातल्या एक वयस्कर बाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "पोरगं गोड आहे हो, पण शेवटी भेसळच."

सूनबाईला मराठी चांगलं कळतं. ती काही न बोलता वाट्या मांडत राहिली. मीही गप्प बसले, आणि तेच मला खात राहिलं. उत्तर द्यायचं तर "भेसळ नव्हे, अमुक" असं म्हणायला हवं होतं. ते अमुक काय? पाहुणे गेल्यावर कपाटावरचा शब्दकोश खाली काढला.

भेसळ हा बाजारातला शब्द. दुधात पाणी, हळदीत रंग. १९५४ साली त्याविरुद्ध देशभरासाठी कायदा झाला. मिसळण्याला कोणाची हरकत नसते, ते लपवून विकण्याला असते. मिसळीत मटकी, फरसाण, रस्सा सगळं उघडच एकत्र असतं, तिला कोणी भेसळ म्हणत नाही. (आमच्याकडे ती कांद्याशिवाय होते, तरीही मिसळच.)

या मिसळीचं मूळ संस्कृतातलं 'मिश्र'. प्राकृतात त्याचं 'मिस्स' झालं, पुढे आपलं मिसळणं. गंमत म्हणजे संस्कृत नाटकात प्रेक्षकांना आदराने 'आर्यमिश्र' म्हणतात. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात तर 'मिश्र अर्थव्यवस्था' हे भारताचं धोरण होतं, सरकारी कारखाने आणि खासगी कारखाने शेजारी शेजारी. त्यात कमीपणा आहे असं एकाही प्राध्यापकांनी शिकवलं नाही.

कमीपणा आला तो माणसांपाशी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वेगवेगळ्या वर्णांच्या आईबापांच्या मुलांच्या जातीच जाती सांगितल्या आहेत आणि बहुतेकांना खालची जागा आणि खालचं काम नेमून दिलं आहे. तिथला शब्द 'संकर', आणि त्याचाच भाऊ 'संकीर्ण', म्हणजे एकत्र विखुरलेलं, कालवलेलं. पण हाच 'संकीर्ण' गाण्यात गेला तर रागाचा एक प्रकार होतो. शुद्ध, छायालग आणि संकीर्ण. अनेक रागांच्या छटा असलेला संकीर्ण राग ऐकताना कोणी नाक मुरडत नाही. सरकारी कागदांत संकीर्ण म्हणजे कुठल्याच रकान्यात न बसणारं. हिंदीत तर तो 'कोत्या मनाचा' या अर्थाने वापरतात! माझ्या घरखर्चाच्या वहीत मी मात्र 'किरकोळ' लिहिते. नातवाला यातलं काहीच लागू करावंसं वाटेना.

'विविध' बरा वाटला. १८६७ साली मराठीत 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक निघालं, तेव्हा नावातच ही कौतुकाची गोष्ट होती. आणि १९५७ पासूनची विविध भारती तर आमच्या स्वयंपाकघरातच वाढली. पण विविध म्हणजे पुष्कळ गोष्टी. एकाच बाळाला विविध कसं म्हणायचं?

मग आपल्या शास्त्राकडे वळले. दहाव्या शतकातल्या नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात तिसऱ्या गुणस्थानाचं नावच 'मिश्र' आहे. तिथे दृष्टांत दही-गुळाचा. दोन्ही एकत्र घोटले की चव तिसरीच होते, दही आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत. मला क्षणभर आनंद झाला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते गुणस्थान कौतुकाचं नाही. सम्यक् आणि मिथ्या श्रद्धेची ती सरमिसळ आहे, जीवाने तिथून पुढे जायचं असतं. सोयीचं तेवढं उचलणं बरं नव्हे. दृष्टांत ठेवला, शब्द सोडला.

शेवटी सापडला 'चित्र'. आपण चित्र म्हणजे भिंतीवरची तसबीर समजतो, पण संस्कृतात हे विशेषण आहे. ठिपक्याठिपक्यांचं, अनेक रंगांचं. चित्त्याचं नावही त्यातूनच आलं. न्याय-वैशेषिक पंडितांना प्रश्न पडला की निळ्या, पिवळ्या, लाल धाग्यांच्या वस्त्राचा रंग कोणता? वस्त्र एक, मग रंगही एकच हवा. त्यांनी पांढरा, निळा, पिवळा, लाल, हिरवा, तपकिरी यांच्या जोडीला 'चित्र' हा सातवा रंगच मानला. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी वीतरागस्तोत्रात त्यांना हेच ऐकवलं: एकच रूप एक आणि अनेकही आहे असं तुम्ही मानता, मग अनेकान्त कशाला नाकारता? वस्त्रात निळा निळाच राहतो, लाल लालच, आणि तरी वस्त्र एक. हे मला पटलं.

हे सगळं सूनबाईला सांगितलं तेव्हा ती बाळासाठी गोधडी शिवत होती. माझ्या दोन जुन्या नऊवारी आणि तिच्या आईची तांताची साडी, थरावर थर. "आमच्याकडे याला काँथा म्हणतात," ती म्हणाली. मी पुन्हा कोश उघडला. कंथा, म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं वस्त्र. जुन्या मराठीतही आहे, जोगी-बैराग्यांच्या अंगावरचं.

त्या बाई दिवाळीला येणार आहेत. गोधडी धुऊन उन्हात घातली आहे.