उत्सवाचा केर आणि स्वयंसेवक

कॉलेजचे स्नेहसंमेलन आटोपते, मांडव उतरतो आणि मागे उरतो तो केर. खरकटे, कागद, चहाचे पेले, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचा मिळून एकच ढीग. तो कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्या समाजाने फार काळ विचारलाच नाही. कारण जातिव्यवस्थेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. हा प्रश्न सभेच्या मांडवात कसा शिरला, ते पाहू.

1901 साली कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. शौचकूप थोडे, माणसे फार. दुर्गंधीने जीव नकोसा झालेला. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गांधीजींनी ही गोष्ट स्वयंसेवकांच्या कानावर घातली. ते म्हणाले, हे काम आमचे नव्हे, सफाईवाल्याचे! गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि एक शौचकूप स्वतः साफ केला. पण एकटा माणूस किती पुरा पडणार? आपल्यापुरते साफ करून त्यांना थांबावे लागले, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

पुढे 1936 साली खानदेशातल्या फैजपूरला खेड्यातले पहिले अधिवेशन झाले आणि 1938 साली गुजरातेत हरिपुऱ्याला. हरिपुऱ्यात काय घडले पहा. दोन हजार शिक्षक आणि विद्यार्थी सफाईच्या कामाला उभे राहिले, आणि तेही आगाऊ शिक्षण घेऊन. सदतीस वर्षांपूर्वी जे काम ‘आमचे नव्हे’ होते, ते आता शिकून करायचे काम ठरले. इकडे महाराष्ट्रात गाडगेबाबा दिवसा गावचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनावर तोच झाडू फिरवीत. 1956 साली ते गेले, तोवर हा क्रम चालू होता.

पण एवढ्याने प्रश्न सुटला का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली या विचारावर कठोर टीका केली. सफाईच्या कामाला पुण्यकर्म म्हणून गौरवायचे आणि ते पिढ्यान् पिढ्या एकाच जातीच्या गळ्यात ठेवायचे, हा कसला न्याय? टीका झोंबणारी होती, पण खोटी नव्हती. मांडव उठला की स्वयंसेवक घरी जातो; सफाई कामगाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम असते.

मध्यंतरी केराचे रूपच पालटले. पूर्वीच्या पंगतीत पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण असत. खरकट्यासकट सारे उकिरड्यावर गेले की त्याचे खत होई. निवडण्यासारखे त्यात फारसे नसेच. प्लॅस्टिक आणि थर्माकोल आले आणि कुजणारे व न कुजणारे एकत्र कालवले जाऊ लागले. हे कालवण कोणीतरी हाताने उपसायचे. कोणी? तर पहाटे पाठीला पोते लावून निघणाऱ्या बायांनी.

24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि सेवेला कॉलेजात रीतसर जागा मिळाली. पण केराच्या बाबतीत नवी दिशा दाखवली ती पुण्यात. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना अक्षरे शिकवायला गेल्या. त्यांच्या ध्यानात आले की, लोकांनी घरातच ओला-सुका वेगळा करून दिला, तर या बायांचे हात घाणीत जाणार नाहीत आणि भंगाराला भावही बरा येईल. त्यातून 1993 साली ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली, आणि 2008 पासून वेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. ज्यांना कोणी नागरिकांत धरत नव्हते, त्या ओळखपत्र लावून दारात उभ्या राहू लागल्या.

मग कायदाही त्याच वाटेने आला. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा उगमापाशीच वेगळा करण्याचे बंधन घातले. बिगरपरवाना जागी शंभराहून अधिक माणसे जमवायची, तर कामकाजाचे किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि केर वेगळा करूनच हवाली करायचा, अशी जबाबदारी संयोजकांवर टाकली.

संमेलनात डब्यापाशी उभा राहून ‘दादा, पेला इकडे, ताई, खरकटे तिकडे’ म्हणणारा विद्यार्थी या साखळीची पुढची कडी आहे. कलकत्त्याच्या स्वयंसेवकाने काम नाकारले, हरिपुऱ्याच्या स्वयंसेवकाने ते स्वतः केले. हा तिसरा मात्र ज्याचे त्याला करायला लावतो. काम दिसायला क्षुल्लक आहे. दोन तास उभे राहायचे, चारजणांची थट्टा सोसायची. पण पाहुण्याने एक पेला योग्य डब्यात टाकला, तेवढा एक पेला दुसऱ्या दिवशी कोणा बाईला खरकट्यातून उपसावा लागत नाही. आंबेडकरांच्या प्रश्नाचे हे पुरे उत्तर नव्हे, हे खरेच. पण उत्तराची सुरुवात, माझ्या मते, त्या डब्यापाशीच होते.